मुलांचे मैदान सर्वांत शेवटी का?

साथ आली की सर्वांत आधी मुलांचा खेळ बंद होतो, आणि साथ ओसरली की सर्वांत शेवटी सुरू होतो. २००९ साली स्वाईन फ्लू आला तेव्हा पुण्या-मुंबईतील शाळा काही दिवस बंद राहिल्या. २०२० साली कोरोना आला तेव्हा तर २५ मार्चपासून सारा देशच बंद झाला. ते दिवस आता मागे पडले आहेत. परंतु साथ पुन्हा येणारच नाही, असे कोणीही सांगू शकत नाही. म्हणून शांतपणे विचार करण्याची वेळ हीच आहे, असे आम्हाला वाटते.

आपल्या राज्यात निर्बंध कोणत्या क्रमाने उठले ते आठवून पाहा. जून २०२० मध्ये मोकळ्या जागेत चालायला, धावायला परवानगी मिळाली, पण गटाने खेळायला नाही. ५ ऑगस्टपासून मॉल उघडले. त्याच दिवसापासून गोल्फ, टेनिस, मैदानी बॅडमिंटन, जिम्नॅस्टिक्स, मल्लखांब अशा खेळांना अंतर राखून परवानगी मिळाली. सांघिक खेळ मात्र वगळले गेले. ऑक्टोबरमध्ये हॉटेल व बार उघडले आणि दसऱ्याला व्यायामशाळा. मुंबईत आठवी ते बारावीचे वर्ग मात्र ४ ऑक्टोबर २०२१ रोजी नियमित सुरू झाले आणि पहिली ते सातवीचे त्याहून उशिरा, १५ डिसेंबरला.

या क्रमामागे वैद्यकीय कारण होते, हे आम्ही नाकारत नाही. कबड्डीत चढाई करणारा एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत समोरच्याच्या तोंडाजवळ जातो आणि सातही जण मिळून त्याला मिठी मारून खाली पाडतात. श्वासातून पसरणाऱ्या रोगाला याहून सोयीचा खेळ कोणता? पण परिणाम कोणावर झाला तेही पाहिले पाहिजे. टेनिसची रॅकेट आपल्या किती घरांत आहे? आपल्या मुलांचे खेळ म्हणजे कबड्डी, खो-खो आणि गल्लीतले क्रिकेट. बंदी नेमकी त्यांच्यावर आली.

दुसरी गोष्ट घराची. हा रोग बंद, कोंदट जागेत जास्त पसरतो आणि उघड्या हवेत कितीतरी कमी, हे आता सर्वमान्य झाले आहे. दहा बाय दहाच्या खोलीत सहा माणसे राहतात, तेथे मुलाला दिवसभर कोंडून ठेवणे म्हणजे त्याला सुरक्षित ठेवणे नव्हे. मैदान बंद असले म्हणून मूल खेळायचे थांबत नाही. ते जिन्यात खेळते, बोळात खेळते, नाहीतर मोबाईल घेऊन कोपऱ्यात बसते. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी तासभर तरी दमवणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपल्या मुलांना हा तास फक्त मैदानच देऊ शकते.

आईच्या मनातली भीतीही खोटी नाही. मूल बाहेरून आजार घेऊन येईल आणि घरातल्या आजीला तो जड जाईल, ही काळजी रास्तच आहे. पण त्यावर उपाय मैदानाला कुलूप लावणे नसून मैदान शिस्तीने चालविणे हा आहे. वस्तीतील मंडळांनी पुढील गोष्टी ठरवून ठेवाव्यात.

खेळ पायरीपायरीने सुरू करावेत. आधी धावणे, दोरीवरच्या उड्या, उठाबशा. मग खो-खो, कारण त्यात आठ गडी आलटून पालटून उलट दिशांना तोंड करून बसतात आणि एकमेकांशी झोंबत नाहीत. कबड्डी सर्वांत शेवटी. दहा-बारा मुलांचा एक गट करावा, तो रोज तोच ठेवावा आणि हजेरीची वही ठेवावी. म्हणजे एक मूल आजारी पडले तर एका गटाला थांबवून भागेल, साऱ्या वस्तीला नाही. पाण्याची बाटली आणि टॉवेल ज्याचा त्याचा. मास्क येता-जाता लावावा, जोरात धावताना लावू नये.

आजारी मुलाने घरी राहावे. परंतु घरी राहिलेल्या मुलाची संघातली जागा जाता कामा नये. जागा जाईल या भीतीने मुले ताप लपवतात, आणि लपवलेला ताप सर्वांना भोवतो. बरे झालेल्या मुलाला पहिल्याच दिवशी पळवू नये. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, चक्कर येत असेल तर आधी डॉक्टरांना दाखवावे. लसीकरणाचे कार्डही पाहावे. २०२२ साली गोवंडीत गोवराने डोके वर काढले होते. गोवराची लस मुलाला नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा दीड वर्षाच्या सुमारास मिळते, आणि ती सरकारी दवाखान्यात फुकट असते.

शेवटचे आणि आमच्या मते सर्वांत महत्त्वाचे म्हणजे मुली. बंद पडलेले मैदान पुन्हा उघडते तेव्हा मुलगे आपोआप येतात, मुली येत नाहीत. मधल्या काळात धाकट्या भावंडांची, पाण्याची आणि स्वयंपाकाची जबाबदारी त्यांच्यावर पडलेली असते. ती एकदा पडली की कोणी परत काढून घेत नाही. म्हणून मंडळाच्या ताईंनी वही घेऊन घरोघर जावे. कोणती मुलगी पूर्वी येत होती आणि आता येत नाही, हे नावानिशी पाहावे आणि तिच्या आईशी बोलावे. वेळ उजेडाची ठेवावी. सोबतीला एखादी आई मैदानावर बसावी.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे पुरुष व महिला असे दोन्ही संघ जिंकले आणि दोन्ही संघांचे कर्णधार, प्रतीक वाईकर आणि प्रियंका इंगळे, महाराष्ट्राचे होते. ज्या खेळाला महाग साधन लागत नाही, त्या खेळाने मुलांना कुठवर नेले ते पाहा. आपल्या वस्तीतही असे पाय आहेत. त्यांना रोज तासभर मातीवर धावू देणे एवढेच आपल्या हाती आहे, आणि तेवढे आपण केलेच पाहिजे. पुढच्या बैठकीत मंडळाने हा विषय घ्यावा आणि वही आजच विकत आणावी.