बटण दाबलं की माणूस धावला पाहिजे

आम्ही टॅक्सी, टुरिस्ट गाड्या, बस चालवणारे आणि त्यांतून रात्री-अपरात्री घरी परतणारे प्रवासी आज ही चळवळ उभी करत आहोत.

१६ डिसेंबर २०१२ रोजी दिल्लीत धावत्या बसमध्ये एका तरुणीवर अत्याचार झाला आणि देश हादरला. पुढे केंद्रीय मोटार वाहन नियमांत '१२५ एच' हा नियम आला. १ जानेवारी २०१९ पासून नोंदणी होणाऱ्या प्रवासी वाहनांना ठावठिकाणा कळवणारं यंत्र आणि आणीबाणीचं बटण सक्तीचं झालं. त्यातून रिक्षा वगळल्या. ही सक्ती आम्हाला मान्य आहे. ती एकतर्फी आहे, याची मात्र चीड येते.

यंत्र मालकाने घ्यायचं, सिमचं रिचार्ज मालकाने भरायचं, यंत्र बंद असेल तर पासिंग अडणार. आणि बटण? मागच्या सीटजवळ बोटभर लाल डबी, तिच्यावर सीट कव्हर ओढलेलं. शेजारी बसलेल्या बाईला ती दिसत नाही, दिसली तरी कशासाठी आहे हे कुणी सांगितलेलं नसतं. समजा तिने दाबलंच, तर गाडीचं ठिकाण मोबाइल नेटवर्कवरून नियंत्रण कक्षाकडे जातं. तिथून पुढचं सगळं काम माणसाचं. घाटात रेंज गेली की यंत्र माहिती साठवतं आणि रेंज आल्यावर पाठवतं. नोंदवहीला हे चालतं, गळा आवळला जात असलेल्या माणसाला चालत नाही.

म्हणून पासिंगच्या वेळी बटण दाबून पाहा आणि पलीकडून उत्तर आलं तरच गाडी पास करा. किती हाका आल्या, किती मिनिटांत मदत पोहोचली, याचे आकडे दर महिन्याला जिल्हावार जाहीर करा. घाटरस्त्यांवर रेंज द्या. बटणाखाली ते कशासाठी आहे हे मराठीत ठळक लिहा.

हेच यंत्र ड्रायव्हरचा प्रत्येक थांबा, प्रत्येक जोरात मारलेला ब्रेकही टिपतं. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा एकमुखी निकाल दिला. तो हक्क स्टेअरिंगवर बसणाऱ्यालाही आहे. ही नोंद ड्रायव्हरला मागताक्षणी मिळाली पाहिजे. विमा कंपनीला किंवा फायनान्सवाल्याला त्याच्या संमतीशिवाय एक ओळही मिळता कामा नये.

ड्रायव्हर बंधू-भगिनींनो, बटणावरचं सीट कव्हर आजच कापा. प्रवाशांनो, गाडीत बसलात की आधी विचारा, बटण कुठे आहे?