कुरकुरणाऱ्या नाताळबाबाची कैफियत

तांबडा अंगरखा, कापसासारखी शुभ्र दाढी आणि अखंड हास्य, हे नाताळबाबाचे रूप आज घरोघरी परिचित आहे. ते जगभर रूढ होण्यात एका शीतपेयाच्या जाहिरातींसाठी हॅडन सन्डब्लोम या चित्रकाराने १९३१ पासून काढलेल्या चित्रांचा मोठा वाटा आहे. या जाहिरातींतील म्हातारा थकत नाही, थंडीने गारठत नाही आणि तक्रार तर कधीच करीत नाही. एका रात्रीत साऱ्या जगाला भेटी वाटणाऱ्या वृद्धाच्या श्रमांचे काय, हा प्रश्न त्या गोंडस चित्रासमोर कोणाला सुचणे कठीणच.

रेमंड ब्रिग्ज या इंग्रज चित्रकाराला मात्र तो सुचला. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या ‘फादर ख्रिसमस’ या चित्रपुस्तकातील नाताळबाबा एकटा राहतो. सोबतीला कुत्रा, मांजर आणि गाडीचे दोन रेनडिअर. हाताखाली मदतनीस कोणी नाही. उन्हाळी सुट्टीच्या सुखस्वप्नातून गजराने जागा होताच तो कपाळाला हात लावतो. चहा करतो, अंगणातील शौचकूपात जाऊन बसतो, जनावरांना चारा घालतो आणि कुरकुरत कामाला निघतो. बर्फ, पाऊस, धुके, धुराड्यातील काजळी यांपैकी प्रत्येकाच्या वाट्याला त्याचे दोन शब्द येतात. बर्फाच्या झोपडीपासून राणीच्या राजवाड्यापर्यंत सारी दारे पालथी घालून तो घरी येतो, स्वतःचे जेवण स्वतः रांधतो आणि झोपी जातो. कथानक एवढेच.

शौचकूपात बसलेला नाताळबाबा पाहून मुले खिदळतात. मोठी माणसेही हसतात, पण त्यांच्या हसण्याचे कारण निराळे असते. पहाटेच्या गजराला लाखोली वाहून पुन्हा निमूटपणे कामावर जाणारा हा गृहस्थ त्यांना आरशात रोज भेटतो. पुस्तकास ब्रिटनमधील बालचित्रांसाठीचे केट ग्रीनअवे पदक मिळाले. विशेष हे की, ब्रिग्जचे वडील दूधवाले होते. थंडीवाऱ्यात भल्या पहाटे दारोदार बाटल्या पोहोचविणाऱ्या पित्याचे कष्ट त्याने नाताळबाबाच्या अंगावर चढविले. पुस्तकात पहाटे नाताळबाबाला वाटेत एक दूधवाला भेटतो. ती दोन श्रमिकांची भेट आहे.

ब्रिग्ज ९ ऑगस्ट २०२२ रोजी निवर्तला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात वेतन आणि कामाच्या शर्तींवरून ब्रिटनमधील टपाल कर्मचारी संपावर गेले. संपाच्या दिवसांत २३ आणि २४ डिसेंबरही होते. ऐन सणात अडवणूक केली, असा ठपका अशा वेळी ठेवला जातो. पण ज्याच्या न येण्याने सण अडतो, त्याच्या येण्याची किंमत एरवी किती केली जाते, हा प्रश्न त्या ठपक्याखाली दडून राहतो.

हा प्रश्न केवळ ब्रिटनपुरता नाही. २०२५ सालच्या नाताळच्याच दिवशी आपल्या देशात घरपोच सेवा देणाऱ्या कामगारांच्या संघटनांनी संप पुकारला होता. दहा मिनिटांत माल पोहोचविण्याची सक्ती बंद करावी, ही त्यांच्या मागण्यांपैकी एक. निती आयोगाच्या अंदाजानुसार २०२०-२१ मध्ये अशा कंत्राटी स्वरूपाच्या कामगारांची संख्या ७७ लाख होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेने या वर्गाला प्रथमच कायद्यात नाव दिले आणि त्यांच्या कल्याणासाठी कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यावी, अशी तरतूद केली. हे पाऊल स्वागतार्ह आहे. परंतु कामाचे तास आणि किमान मिळकत यांविषयी ही संहिता त्यांना हमी देत नाही.

ब्रिटनमध्ये नोकरचाकर आणि टपालवाले यांना नाताळची बक्षिसी देण्याची जुनी चाल आहे. २६ डिसेंबरच्या ‘बॉक्सिंग डे’चे नाव तिच्याशीच जोडले जाते. आपल्याकडील दिवाळीची पोस्त ही तिचीच बहीण. दोन्ही चाली मायेच्या खऱ्या, परंतु पोस्त देणाऱ्याच्या मर्जीवर अवलंबून असते, हक्क तसा नसतो. पोस्त देऊन हक्काचा हिशेब मिटला असे मानणे ही आत्मवंचना होय.

ब्रिग्जचा नाताळबाबा अखेरच्या पानावर कुरकुरतच वाचकाला सणाच्या शुभेच्छा देतो. जाहिरातीतील हास्यापेक्षा त्या अधिक खऱ्या वाटतात, कारण त्या काम पुरे करून आलेल्या माणसाच्या आहेत. यंदा दार वाजविणाऱ्या माणसाची कुरकुर कानी आली, तर तीही सणाचाच एक भाग समजून ऐकून घ्यावी.