संशय कुणावर, शंका कशावर?

‘सुटले, पण संशयाचा फायदा मिळाला म्हणून!’ अंधेरीहून बोरिवलीला जाताना लोकलमध्ये ऐकलेलं हे वाक्य. २००६च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यातल्या बाराही जणांची मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ला निर्दोष मुक्तता केली, त्या आठवड्यातलं. बोलणारा माणूस वाईट नव्हता. चूक भाषांतराची आहे.

इंग्रजीत शब्द दोन आहेत. ‘सस्पिशन’ माणसावर असतं, ‘डाउट’ सांगितलेल्या गोष्टीबद्दल. ‘बेनिफिट ऑफ डाउट’ म्हणजे सरकार पक्षाची कहाणी पुरेशी पटत नाही, म्हणून शिक्षा नाही. आपण दोन्हींना ‘संशय’ म्हणून मोकळे झालो. मग कानाला काय ऐकू येतं? संशय आहेच, वर फायदाही उपटला! उर्दूवाल्यांनी, म्हणजे आम्हीच, ‘शक का फायदा’ करून तेच केलं. मराठीत ‘शंका’ हाताशी होती की! पोरगं वर्गात ‘सर, शंका आहे’ म्हणतं तेव्हा कुणावर आळ घेत नसतं.

‘पुराव्याअभावी सुटका’ तर त्याहून वाईट. जणू पुरावा कपाटात राहून गेला. इथे न्यायालयाने साक्षी, कबुलीजबाब, ओळख परेड, जप्ती असं सगळं तपासलं आणि सरकार पक्ष सपशेल अपयशी ठरल्याचं म्हटलं. याच पुराव्यावर २०१५मध्ये पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप झाली होती. तेव्हा निर्दोष सुटलेला एकमेव आरोपी, अब्दुल वाहिद शेख, शिक्षक होता. नऊ वर्षं आत.

इंग्रजी वर्तमानपत्रंही साव नाहीत. ‘अलेज्ड टेररिस्ट’मधला पहिला शब्द वकिलासाठी असतो, दुसरा वाचकासाठी. मराठीला तर खात्रीच्या पायऱ्या क्रियापदातच आहेत: केलं असेल, केलं असावं, केलं असणार, केलं. नववीची मुलं ‘मे’, ‘माइट’, ‘मस्ट’च्या गाळलेल्या जागा अचूक भरतात, आणि घरी टीव्हीवर अटकेच्या दिवशीच थेट ‘केलं’ ऐकतात.

२४ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला स्थगिती दिली. सुटलेल्यांना मात्र परत तुरुंगात पाठवलं नाही. बारांपैकी एक त्याआधीच, २०२१मध्ये, कैदेत असताना कोरोनाने गेला होता. आणि स्फोटांत १८०हून अधिक माणसं गेली. ‘मग केलं कुणी?’ हा त्यांच्या घरच्यांचा प्रश्न खरा आहे. तो तपास यंत्रणेला विचारायचा, सुटून आलेल्याच्या दारात उभं राहून नाही.