वाढविलेल्या शक्तीचा हिशेब

इचलकरंजीच्या एका वाचकबंधूंचे पत्र आले आहे. त्यांच्या चिरंजीवांनी दीड वर्षापूर्वी टर्बो इंजिनाची एक लिटरची पेट्रोल गाडी घेतली. कर्ज वडिलांच्या नावावर, चिरंजीव सहकर्जदार. आता पुण्यातील एका कार्यशाळेत ३५,००० रुपये भरून इंजिनाचे ‘ट्यूनिंग’ करून घ्यावे, अशी मुलाची इच्छा आहे. गाडीचा एकही भाग बदलावयाचा नाही, केवळ तिच्या संगणकातील आज्ञावली बदलावयाची, आणि ११५ अश्वशक्तीची गाडी १४० अश्वशक्तीची होईल, असे त्याचे म्हणणे. पत्रलेखक विचारतात, ‘यात खरोखर धोका आहे, की आम्हा वडीलधाऱ्यांना उगाच भीती वाटते?’

प्रश्न सरळ आहे. उत्तर तितके सरळ नाही. मी वाणिज्य शाखेचा माणूस, यंत्रशास्त्र हा माझा विषय नव्हे. परंतु ज्या यंत्रासाठी कर्ज द्यावयाचे ते चालते कसे, हे समजल्याशिवाय प्रस्तावावर सही करावयाची नाही, ही नोकरीतील सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. म्हणून प्रथम यंत्राकडे पाहू.

साधे इंजिन हवा स्वतःच्या दमाने ओढते. टर्बो इंजिनात ती कोंबली जाते. धुराड्याकडे निघालेल्या तप्त वायूंच्या झोताने एक लहानशी चक्री फिरते, त्याच दांड्यावरची दुसरी चक्री बाहेरची हवा दाबून इंजिनात लोटते. जास्त हवा म्हणजे जास्त इंधन जाळता येते आणि लहान इंजिन मोठ्याचे काम करते. आल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने १९०५ साली या कल्पनेचे पेटंट घेतले, म्हणजे कल्पना शतकाहून जुनी आहे. लहान पेट्रोल गाडीतील ही चक्री मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेऊ शकते आणि तिच्यावरून जाणाऱ्या वायूंचे तापमान ९०० अंश सेल्सियसच्या पुढे जाऊ शकते. बोटभर दांड्यावर एवढा भार, आणि त्याला आधार कसला, तर तेलाच्या पातळ थराचा.

हवा किती दाबावयाची, इंधन किती सोडावयाचे, ठिणगी नेमकी कोणत्या क्षणी पाडावयाची, हे सारे ईसीयू नावाचा छोटा संगणक ठरवितो. त्याच्या स्मृतीत कोष्टके असतात. आमच्या वेळी व्याजदराची कोष्टके टेबलावरच्या काचेखाली असत, तशीच. ट्यूनिंग करणारा कारागीर ही कोष्टके बदलतो. टर्बोचा दाब थोडा वाढवितो, ठिणगीची वेळ थोडी अलीकडे आणतो, कंपनीने घातलेल्या काही मर्यादा वर सरकवितो. या प्रकाराला ‘स्टेज वन’ म्हणतात. टर्बो नसलेल्या गाडीत एवढ्याने फारसा फरक पडत नाही; टर्बोच्या गाडीत निश्चित पडतो. तेव्हा चिरंजीवांचा दावा खोटा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे.

मग कंपनीनेच ही शक्ती का दिली नाही? तरुण मंडळी सांगतात की कंपन्या मुद्दाम शक्ती दाबून ठेवतात. त्यातही तथ्याचा अंश आहे. महिंद्राच्या एक्सयूव्ही ७०० मध्ये २.२ लिटरचे डिझेल इंजिन खालच्या श्रेणीत १५५ आणि वरच्या श्रेणीत १८५ अश्वशक्तीचे दिले गेले. परंतु अशा दोन इंजिनांतील फरक केवळ कोष्टकांचाच असतो असे नाही. काही वेळा टर्बो वेगळा असतो, काही वेळा गिअरबॉक्स. आणि उरलेली शक्ती बहुधा लपविलेली नसते, राखून ठेवलेली असते.

बँकेत तारणाच्या पूर्ण किमतीइतके कर्ज आम्ही कधीच देत नसू. २५ टक्के मार्जिन राखीत असू, कारण भाव पडतात, माल खराब होतो, धनको-ऋणको दोघांचेही दिवस फिरतात. गाडीची कंपनीही असेच मार्जिन राखते. नागपूर-चंद्रपूरची मे महिन्यातली दुपार, आडगावच्या पंपावरचे संशयास्पद पेट्रोल, वेळेवर न बदललेले तेल, पाच माणसे आणि सामान भरून चढलेला आंबोलीचा घाट, हे सगळे एकाच दिवशी एकत्र आले तरी इंजिन टिकावे, यासाठी ते मार्जिन असते. ट्यूनिंग करणारा तारण न वाढविता उचलीची मर्यादा वाढवून देतो. असा प्रस्ताव माझ्यापुढे आला असता तर मी नामंजूरच केला असता असे नाही. पण अधिक कागद निश्चित मागितले असते.

पहिला कागद इंधनाचा. पेट्रोलचा ऑक्टेन अंक म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटता टिकून राहण्याची त्याची क्षमता. आपल्याकडे ९१ ऑक्टेनचे साधे पेट्रोल वर्षानुवर्षे विकले गेले. ९५ चे महाग पेट्रोल निवडक पंपांवर मिळते, आणि इंडियन ऑइलने डिसेंबर २०२० पासून १०० ऑक्टेनचे ‘एक्सपी १००’ काही मोठ्या शहरांत आणले. दाब वाढविला आणि इंधन त्या मानाने हलके असले, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच मिश्रणाचा काही भाग स्वतःहून भडकतो. यालाच इंजिनाचे ‘नॉकिंग’ म्हणतात. आधुनिक इंजिनात हा ठोका ऐकणारा संवेदक असतो. तो ऐकू आला की संगणक ठिणगी उशिरा पाडतो आणि इंजिन वाचवितो. मात्र तसे करताना शक्ती कमी होते. म्हणजे १०० ऑक्टेनसाठी बांधलेली कोष्टके घेऊन तुम्ही कुंभोज-बाहुबलीच्या किंवा श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघालात आणि वाटेत मिळेल ते पेट्रोल भरले, तर ३५,००० रुपयांची अश्वशक्ती वाटेतच आटणार. शिवाय संवेदकाला दर वेळी ठोका वेळेत सापडेलच असेही नाही. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले आहे. इथेनॉलचा ऑक्टेन अंक पेट्रोलहून बराच अधिक, पण त्यातील ऊर्जा घनफळाच्या मानाने सुमारे एकतृतीयांशाने कमी; तेव्हा इंधन किती सोडावयाचे याचा हिशेबही बदलतो. ‘तुमची कोष्टके कोणत्या इंधनावर तपासली?’ हा प्रश्न विचारल्यावर कारागीर गडबडला, तर तेथून उठावे.

लहान थेट-इंधन टर्बो इंजिनांचा आणखी एक स्वभावदोष आहे. फेरे कमी असताना एकदम जोर मागितला की ठिणगीच्या आधीच स्फोट होण्याची शक्यता असते, आणि अशा एखाद्या तडाख्याने पिस्टनला चीर जाऊ शकते. ट्यूनिंगने नेमका हाच खालच्या फेऱ्यांतला जोर वाढतो, कारण तोच चालविणाऱ्याला सुखावतो. इंजिन तेलाच्या डब्यावरील एपीआयची ‘एसपी’ श्रेणी २०२० पासून आहे आणि तिच्यात या दोषाविरुद्धच्या चाचणीचा अंतर्भाव आहे. ट्यून केलेल्या गाडीत स्वस्त तेल घालणे म्हणजे सोन्याच्या पेटीला पत्र्याचे कुलूप.

दुसरा कागद गिअरबॉक्सचा, आणि हा बहुतेकांच्या ध्यानातच येत नाही. इंजिनाने निर्माण केलेला पीळ पुढे गिअरबॉक्सला सोसावा लागतो. फोक्सवॅगन-स्कोडाच्या एक लिटर इंजिनाचा मूळ पीळ १७८ न्यूटन मीटर आहे. त्याच घराण्यातील दीड लिटरच्या इंजिनाचा २५०, आणि त्याच्यासोबत येणाऱ्या सात गतींच्या कोरड्या क्लचच्या डीएसजी गिअरबॉक्सची नेमून दिलेली मर्यादाही २५०! तेथे वाढीला जागा कागदावर शून्य आहे. तरीही लोक वाढवितात आणि कित्येकांच्या गाड्या चालतातही. पण चालणे आणि टिकणे यांत अंतर आहे. हाताने गिअर बदलावयाच्या गाडीत बहुधा आधी क्लच घसरू लागतो. ब्रेक आणि टायर मात्र जुन्याच शक्तीच्या हिशेबाचे राहतात, त्यांच्यासाठी कोणी ३५,००० बाजूला काढीत नाही.

तिसरा कागद मोजमापाचा. गाडीची चाके रुळांवर फिरवून शक्ती मोजण्याच्या यंत्राला डायनो म्हणतात. ट्यूनिंगच्या आधी आणि नंतर, त्याच दिवशी, त्याच यंत्रावर, त्याच इंधनावर काढलेले दोन आलेख हातात मिळाले पाहिजेत. कंपनी आपला आकडा इंजिनाच्या दांड्याजवळचा सांगते. डायनो चाकाजवळची शक्ती मोजतो, जी वाटेतील घर्षणामुळे साधारणतः १५ टक्क्यांपर्यंत कमी भरते. ११५ हा आकडा एका जागेचा आणि १४० हा दुसऱ्या जागेवरून अंदाजाने फुगविलेला, अशी तुलना म्हणजे एका वर्षाची शिल्लक आणि दुसऱ्या वर्षाची उलाढाल शेजारी ठेवून नफा सांगणे होय.

आता माझ्या परिचयाच्या प्रांतात येतो.

मोटार वाहन अधिनियम, १९८८ चे कलम ५२ सांगते की नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाने वाहनात करू नये. केरळमधील एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये या कलमाचा कडक अर्थ लावला. त्यातील वाद वाहनाच्या रचनेतील बदलांचा होता. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ए नुसार, परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. ‘आम्ही भाग कोठे बदलला, आज्ञावलीच तर बदलली’ असा युक्तिवाद कार्यशाळेत ऐकावयास मिळतो. परंतु पुण्याच्या एआरएआयसारखी संस्था एखाद्या गाडीला धुराच्या बाबतीत प्रमाणित करते, ती त्या आज्ञावलीसह. केवळ आज्ञावलीने काय घडू शकते, हे २०१५ साली फोक्सवॅगनच्या डिझेल प्रकरणात जगाने पाहिले. सुमारे १ कोटी १० लाख गाड्यांचा प्रश्न होता आणि वादाचे मूळ पोलादात नव्हते, संगणकातील काही ओळींत होते. पीयूसी प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सर्व ठीक, असेही समजू नये. ती चाचणी उभ्या गाडीची असते. घाटात पूर्ण जोराने चढताना काय बाहेर पडते ते तिला दिसत नाही. धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला, तर तेथे विचार करण्यासारखे काही उरतच नाही.

विमा हा परम विश्वासाचा करार आहे. जोखीम बदलणारी गोष्ट विमा कंपनीला कळविणे हे विमाधारकाचे कर्तव्य. न कळविता गाडीची शक्ती पाचव्या हिश्श्याने वाढविली आणि अपघात झाला, तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडकण्यास सर्वेक्षकाला आयते कारण मिळते. कळविले तर कंपनी जादा हप्ता मागेल किंवा नकार देईल. दोन्ही उत्तरे लेखी घ्यावीत. गाडी कर्जावर असेल तर ती बँकेकडे नजरगहाण असते आणि बहुतेक करारांत बँकेच्या संमतीवाचून तारणात बदल न करण्याची अट असते. सही करताना ती कोणी वाचत नाही, हे मी काउंटरच्या आतल्या बाजूने तीन दशके पाहिले आहे. येथे मुख्य कर्जदार वडील आहेत. दावा अडकला, इंजिनाची वॉरंटी कंपनीने नाकारली, तरी हप्ता त्यांच्याच खात्यातून वळता होत राहणार. मुलगा सांगतो तो खर्च ३५,००० चा. वडील ज्याला जामीन राहत आहेत ती रक्कम संपूर्ण इंजिनाची आहे.

पत्रलेखकांनी आडून एक धार्मिक शंकाही विचारली आहे. आपल्या शास्त्रकारांनी गृहस्थाला उपभोग सोडावयास सांगितले नाही, त्याचे परिमाण करावयास सांगितले. आणि निष्प्रयोजन हिंसेला अनर्थदंड असे वेगळे नाव दिले. मोटार ही उपभोगाची वस्तू, तिचे परिमाण घराने ठरवावे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मोटारींना ताशी १०० किलोमीटरची मर्यादा आहे आणि ११५ अश्वशक्तीची गाडी ती सहज गाठते. मग वाढीव २५ अश्वशक्तीचे प्रयोजन काय, हे मुलाने सांगावे. ‘घाटात ट्रक ओलांडताना गाडी रेंगाळते’ असे त्याचे उत्तर असेल, तर ते ऐकून घेण्यासारखे आहे. ‘मित्राची गाडी पुढे जाते’ असे असेल, तर वडिलांना काय बोलावयाचे ते मी सांगावयास नको.

माझे मत विचाराल तर, कर्ज फिटेपर्यंत आणि वॉरंटी संपेपर्यंत थांबावे. त्यानंतरही हौस टिकली, तर वरील कागद मागून, मूळ आज्ञावलीची प्रत आपल्या ताब्यात घेऊन आणि विमा कंपनीचे लेखी उत्तर आल्यावरच विचार करावा. त्याहून सरळ मार्ग म्हणजे पुढची गाडी घेताना कंपनीनेच १५० अश्वशक्तीची म्हणून विकलेली घेणे. तिच्यासोबत गिअरबॉक्स, ब्रेक, वॉरंटी आणि नोंदणीपुस्तक हे सारे त्याच हिशेबाचे येते.

जाता जाता, जुनी टर्बो गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक सूचना. ट्यून केलेली गाडी विकण्यापूर्वी पुष्कळ जण मूळ आज्ञावली परत भरतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. परंतु कित्येक संगणकांत लेखनाची मोजणी राहते, आणि फोक्सवॅगन-ऑडी समूहाच्या यंत्रणेत बदललेली आज्ञावली आढळलेल्या गाडीवर ‘टीडी-१’ अशी खूण पडते. व्यवहार ठरविण्यापूर्वी अधिकृत सेवा केंद्रात गाडीची संगणकीय तपासणी करून तिचा छापील अहवाल मागावा. विक्रेता त्यास तयार नसेल, तर इसाराची रक्कम देऊ नये.