मातृत्वाची संप्रेरके आणि सरकारी तिजोरी

ज्या बऱ्हाणपुरात १६३१ साली चौदाव्या प्रसूतीच्या वेळी मुमताजमहल निवर्तली, तेथील लोधीपुऱ्यात गर्भारपण म्हणजे जिवावरचा प्रसंग ही भावना आजही रेंगाळत असेल, तर नवल नाही. परंतु गर्भारपणात स्त्रीदेहात उसळणाऱ्या संप्रेरकांचा स्तनाच्या कर्करोगाशी असलेला संबंध केवळ जमेच्या किंवा केवळ खर्चाच्या रकान्यात मांडता येत नाही. पहिले अपत्य लवकर झालेल्या स्त्रियांत हा रोग पुढे कमी आढळतो, तरी प्रसूतीनंतर काही वर्षे धोका किंचित वाढलेलाच असतो. म्हणून मुलींची लग्ने घाईने उरकण्यास कोणी या शास्त्राचा दाखला देऊ नये.

गर्भाचे रक्षण करणाऱ्या प्रोजेस्टेरॉनचेच एक रूप मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. राजेंद्र बडवे व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी पाच ते चौदा दिवस, एकदाच टोचून पाहिले. सुमारे १००० स्त्रियांवरील या चाचणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले: एकंदर समूहात लक्षणीय फरक नव्हता, मात्र काखेतील गाठींपर्यंत रोग पोहोचलेल्यांत पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण सुमारे ५५ वरून ६५ टक्क्यांवर गेले.

उपसमूहातील यश हा अखेरचा फैसला नव्हे, हे कबूल. पण ज्या स्वस्त औषधात व्यापाऱ्याला नफा नाही, त्याची फेरतपासणी सरकारी तिजोरीतूनच व्हावयास हवी, कारण लोधीपुऱ्यातील गरीब रुग्णेला परवडेल असा उपाय शोधणे हे बाजाराचे नव्हे, राज्याचे कर्तव्य आहे.