मनातले मांडे आणि परातीतले पीठ

पुण्याच्या सदाशिव पेठेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांच्या खोल्यांत कधी डोकावून पाहा. दाटीने मांडलेल्या खाटा, पुस्तकांचे ढीग, आणि भिंतीवर स्वतःच्या नावाखाली 'उपजिल्हाधिकारी' असे लिहून चिकटवलेला एखादा कागद. कुणा व्याख्यात्याने सांगितलेले असते, की रोज पहाटे डोळे मिटून त्या खुर्चीत बसलेला स्वतःला पाहा. मनापासून पाहिलेस तर खुर्ची चालत तुझ्याकडे येईल. त्या कागदाची थट्टा करावी असे मला वाटत नाही. कोरडवाहू जमिनीच्या भरवशावर बापाने ज्याला शहरात ठेवले आहे, त्याला स्वप्नाचाही आधार नाकारणे हा दुष्टपणा होईल. प्रश्न एवढाच, की स्वप्न नेमके कशाचे पाहायचे?

बँकेत असताना कर्ज मागायला येणारा प्रत्येक जण आपले भविष्यच कागदावर मांडून माझ्यासमोर ठेवीत असे. कुक्कुटपालनासाठी आलेल्या एका तरुणाच्या अहवालात तिसऱ्या वर्षीचा नफा अगदी रुपयापर्यंत मोजलेला होता. मी विचारले, "मानमोडी आली तर?" तो गप्प झाला. दुसरा एक जण आला. त्याचा नफा लहान होता. पण मे महिन्यात उन्हाने किती पक्षी दगावतील, लस कधी टोचायची, भाव पडले तर खाद्य कुठून आणायचे, हे सारे त्याने वहीत लिहून आणले होते. स्वप्न दोघांचेही होते. पहिल्याने मुक्काम पाहिला होता, दुसऱ्याने वाट. कर्ज कुणाला मंजूर झाले, हे सांगायला नकोच.

मानसशास्त्राने हीच गोष्ट वेगळ्या रीतीने तपासून पाहिली आहे. गाब्रिएले ओटिंगन या जर्मन विदुषीने थॉमस वॅडन यांच्यासह 1991 मध्ये वजन घटवू पाहणाऱ्या स्त्रियांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आपल्याला हे जमेल असा भरवसा असलेल्या स्त्रियांचे वजन अधिक उतरले. पण सडपातळ झाल्याची सुखचित्रे रंगवणाऱ्यांचे कमी. भरवसा आणि दिवास्वप्न या दोन वस्तू निराळ्या आहेत, हे त्यातून दिसले. पुढे 2011 मध्ये त्यांना असेही आढळले, की अशा सुखचित्रांनंतर माणसाचा रक्तदाब किंचित उतरतो. म्हणजे शरीर कामाला लागण्याऐवजी सैलावते. मनातले मांडे खाऊनही पोट भरल्यासारखे वाटते, हाच त्यातला खरा धोका. परातीतले पीठ मग तसेच पडून राहते.

म्हणून कल्पनाशक्तीच टाकून द्यायची काय? मुळीच नाही. लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातला एक प्रयोग 1999 मध्ये प्रसिद्ध झाला. परीक्षेपूर्वी काही विद्यार्थ्यांना उत्तम गुण मिळाल्याचे दृश्य रोज मनात आणायला सांगितले, तर काहींना आपण अभ्यासाला बसलो आहोत, असे दृश्य. दुसऱ्या गटाने अभ्यास लवकर सुरू केला आणि गुणही अधिक मिळवले. मायकेल फेल्प्सचे उदाहरण तर प्रसिद्धच आहे. 2008 च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये 200 मीटर बटरफ्लाय शर्यतीत त्याच्या चष्म्यात पाणी शिरले. समोरचे दिसेना, तेव्हा हात किती मारले हे मोजत त्याने शर्यत पुरी केली आणि 1 मिनिट 52.03 सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेतले. पोहण्यात काय काय बिघडू शकते, याची मनातल्या मनात उजळणी करण्याची सवय त्याला प्रशिक्षकाने लावलेली होती.

'श्रद्धा ठेवा, यश येईलच' या शिकवणीतली क्रूरता मात्र नापासांच्या वाट्याला येते. जागा शेकड्यांत आणि अर्ज लाखांत असताना बहुतेकांच्या पदरी अपयश येणार, हे साधे अंकगणित आहे. पण त्या मुलाला वाटत राहते, की आपली श्रद्धाच कमी पडली. मग तो आणखी एक वर्ष डोळे मिटून बसतो. व्याख्यात्याला त्याच्या अपयशाचा हिशेब कोणी विचारीत नाही. गावी वाट पाहणाऱ्या आईबापांना मात्र तो चुकता करावा लागतो.

तेव्हा भिंतीवरचा कागद राहू द्यावा. मात्र त्याच्याखाली आणखी एक लावावा. त्यावर लिहावे : दुपारी झोप आली तर मी काय करीन, गणित अडले तर कुणाकडे जाईन, मित्र चहाला बोलवायला आला तर त्याला काय सांगेन. आणि सर्वांत शेवटी, अमुक वर्षापर्यंत निवड झाली नाही तर कोणत्या कामाला लागेन. ही शेवटची ओळ लिहिताना हात अडखळेल. पण तिच्यामुळे स्वप्न लहान होत नाही. बेमुदत कर्ज कोणतीही बँक देत नाही. मग एखाद्या मुलाने आपले तारुण्य तरी बेमुदत का गुंतवावे?