मुक्या खेळाची फिर्याद

“गोळीबाराच्या खेळाला कसले आले आहे संगीत?” असा प्रश्न आमच्या एका गाणाऱ्या स्नेह्यांनी भर पंगतीत टाकला, आणि पुढ्यात चकलीचे ताट असूनही माझ्याने गप्प बसवेना.

१९९६ साली अमेरिकेत ‘क्वेक’ नावाचा संगणकावरचा खेळ निघाला. काळोखे किल्ले, त्यांत हिंडणारी भुते, आणि बंदूक घेतलेला एकटा खेळाडू! ट्रेंट रेझ्नर या नामांकित संगीतकाराने त्याला सूर दिले होते. पुढच्याच वर्षी हिप्नॉटिक मंडळींनी त्याला ‘स्कर्ज ऑफ आर्मगॉन’ ही पुरवणी जोडली. पुरवणीला काय, जुनेच सूर खपले असते. पण जीहुन ह्वांग यांनी तिच्यासाठी नवे संगीत रचले. माझ्या भाच्याने मला ते ऐकविले. गुणगुणावी अशी चाल त्यात शोधू नये. रिकाम्या वाड्यात रात्री दार करकरावे आणि आपण अंथरुणात कान टवकारून पडावे, तशी त्याची जात. खेळाडू वाट चुकून त्याच दालनात घुटमळू लागला, की संपलेले सूर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. डोळे मिटले तरी ही भीती जात नाही.

हे संगीत तबकडीवर गाण्यांसारखेच कोरलेले असे. पहिला भाग सोडला तर घरच्या सीडी-यंत्रावरही वाजे. या सोयीनेच घात केला! २००७ साली हा खेळ इंटरनेटवरून विकू लागले, तबकडी गेली आणि संगीतही गेले. गिऱ्हाइकाच्या पदरी मुका खेळ! हौशी पोरांनी जुन्या तबकड्यांवरून सूर उतरवून घेतले, म्हणून ते कानी पडत राहिले. २०२१ च्या नव्या आवृत्तीत संगीत परत आले. म्हणजे मोजून चौदा वर्षांचा वनवास.

‘सौभद्रा’तली पदे गाळून कुणी प्रयोग लावला आणि तिकीट मात्र घेतले, तर आमचे स्नेही थिएटर डोक्यावर घेतील. मग इथेच ‘त्यात काय गेले’ कसे? गाणारा माणूस असे म्हणतो याचेच मला वाईट वाटते. व्यापाऱ्याने म्हटले असते तर मी फराळ सोडला नसता.

भाऊबीजेला मी बहिणीकडे जाणार आहे. भाच्यापाशी ती जुनी तबकडी अजून आहे. स्नेह्यांनी बरोबर यावे, दिवा मालवून अर्धा तास ऐकावे, आणि मग काय ते बोलावे.